चुलींची यादी

माझं अक्षर चांगलं आहे. हे माझं मीच सांगते, कारण सांगणारं दुसरं कोणी आता उरलेलं नाही. सोलापुरात त्या साली माझ्या हातून जे झालं, ते या चांगल्या अक्षराच्या तोऱ्यात झालं.

महायुद्ध संपलं होतं, मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या तापाची साथ येऊन गेल्यालाही पाच-सहा वर्षं झाली होती. मानमोडीनं घरंच्या घरं रिकामी केली होती, त्यामुळे प्लेगचं नाव निघालं की लोक म्हणायचे, "त्यो तरी आदी उंदीर पाडून सांगून येतो की." म्हणजे त्यातल्या त्यात सभ्य पाहुणा. थंडी पडायला लागली आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुताच्या वखारीत उंदीर पडले. दोन दिवसांनी शाळा बंद झाल्या.

मी म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. वय सत्तावीस. बाराव्या वर्षी नवरा गेला. त्याचा चेहरा मला आठवत नाही, हळदीनं पिवळे झालेले त्याचे हात तेवढे आठवतात. वडिलांनी गावाची बोलणी खाऊन मला पुण्याला शिकायला ठेवलं. मी मास्तरीण होऊन सोलापुरात आले तोवर तेही गेले. माढ्याला थोरला भाऊ होता, दिवाळीला त्याचं कार्ड यायचं. विणकरांच्या गल्लीत एका सूतदलालाच्या घरामागची खोली मी भाड्यानं घेतली होती. खोलीत एक शेगडी, एक ट्रंक आणि एक घोंगडी. खिडकी उघडली की हातमागांची खटखट. पहिल्या वर्षी त्या आवाजानं डोकं उठायचं, पुढे पुढे सणाला माग बंद राहिले की मला चैन पडेनासं झालं.

शाळा बंद झाल्यावर मास्तर लोकांना प्लेगच्या कामाला लावलं. शहर सोडून लोकांनी माळावर झोपड्यांत राहायला जायचं होतं. बांबू, भिंतींना कामट्यांचे तट्टे, सुतळी म्युनिसिपालिटी देणार होती, पाण्याच्या गाड्या जाणार होत्या, दवाखान्याचा तंबू लागणार होता. पण कोणाला किती झोपड्या, हे ठरवायला गल्लोगल्ली यादी हवी होती. परक्या पुरुषाला बाया उंबऱ्याच्या आत घेत नसत, म्हणून आमची गल्ली माझ्याकडे आली. सगळ्या मास्तरांत बाई मी एकटीच.

आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर मध्यम वयाचे होते. खाकी कोट, कायम झोप राहिल्यासारखे डोळे. त्यांनी आम्हाला समोर बसवून एकच गोष्ट तीनदा सांगितली. "घरं मोजू नका, दारं मोजू नका, भाऊ मोजू नका. चूल मोजा. ज्याची चूल वेगळी, त्याचं कुटुंब वेगळं. चुलीमागे एक ओळ, ओळीमागे एक झोपडी. घराची किल्ली चौकीवर राहील आणि साथ सरली की ज्याच्या नावाची ओळ, त्याच्या हातात परत मिळेल." नियम सोपा होता आणि खरं म्हणजे न्यायाचाही होता. पुढे जे बिनसलं त्यात नियमाचा काही दोष नव्हता.

यादीच्या आधी हस्तपत्रक वाचून दाखवायचं होतं. मी ओसऱ्या-ओसऱ्यांवर बसून वाचलं. मेलेला उंदीर हातानं उचलू नये, रॉकेल टाकून जागीच जाळावा, चौकीवर वर्दी द्यावी. अनवाणी फिरू नये. घरात ताप आला तर लपवू नये. अंथरुणं उन्हात टाकावीत. दारंखिडक्या उघड्या ठेवून ऊन आत येऊ द्यावं. आणि शेवटी, घराला कुलूप लावून किल्ली चौकीवर द्यावी.

"दार उगडं ठिवून कुलूप कसं लावायचं बाई? तेवडं दावा की," एका विणकरणीनं विचारलं, आणि साऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. शाळेत असती तर तिला बाकावर उभी केली असती. आधी दोन दिवस ऊन आणि मग कुलूप, असं मी जरा तडकून समजावलं. माझा राग त्या काळी नाकाच्या शेंड्यावरच असायचा. एकट्या बाईला तो बरा पडतो, असा माझा समज होता.

प्लेगची लस टोचायला डॉक्टर आले, पण टोचून घ्यायला कोणी पुढे होईना. तेव्हा डॉक्टरांसमोर मीच बाही वर केली. बाई ओरडली नाही हे पाहिल्यावर एकेक करून निम्म्या बायांनी टोचून घेतलं. घरी आले आणि मला सणकून ताप भरला, दंड सुजून टम्म झाला. दोन दिवस मी घोंगडीत पडून होते. घरमालकीण दाराशी पेजेचा तांब्या ठेवून हाक मारून जायची. आत कोणी आलं नाही. येणार कोण होतं? तापात कपाळावर कोणीतरी हात ठेवावा असं फार वाटलं, एवढंच. मग आपलाच हात ठेवून पाहिला, पण तोही तेवढाच गरम होता.

तिसऱ्या दिवशी यादीला लागले. चुली मोजणं मजेचं काम निघालं. एका छपराखाली तीन भाऊ, माग एक आणि चुली तीन. एका गृहस्थाच्या दोन बायका, त्यांच्या दोन चुली, आणि तो दोन्हीकडे जेवायचा. "तुम्हाला कुठे लिहू?" म्हणून त्यालाच विचारलं, तर म्हणतो, "आज वार कंचा हाय?" घराघरांत मला चहा मिळाला, पाट मिळाला. सहा वर्षांत त्या गल्लीत मी जितकी बोलले नव्हते तितकी त्या तीन दिवसांत बोलले. लोक मरणाच्या भीतीनं अर्धे झाले होते आणि मला सकाळी उठावंसं वाटत होतं. हे चांगलं नव्हे, पण होतं ते असं होतं.

गल्लीच्या टोकाला एक तेलुगू म्हातारी राहायची. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणायची, म्हणजे आजी. एक खोली, तीत एक चूल आणि एक रहाट. रहाटावर सुताच्या कांड्या भरून ती मागवाल्यांना द्यायची आणि त्यावर पोट भरायची. तिच्या भिंतीला भिंत लागून तिच्या पुतण्याचं घर होतं, त्याचे दोन माग होते. "माणसं किती?" मी दारातूनच विचारलं. "मी येकली," ती म्हणाली. मी तिच्या चुलीकडे पाहिलं. धगधगत होती. पण माझ्या मनात आलं, एवढ्या म्हातारीला माळावर एकटीला झोपडी कशाला? काही दुखलंखुपलं तर बघणार कोण? मी तिला पुतण्याच्या चुलीत धरली. तिला विचारलंही नाही. दोन ओळींची एक ओळ झाली आणि यादी पानाच्या तळाशी बरोबर संपली. खरं सांगायचं तर म्हातारीच्या काळजीइतकाच मला त्याचाही आनंद झाला होता.

इन्स्पेक्टरांनी माझी यादी इतर मास्तरांपुढे धरली. "यादी अशी असते. एक खाडाखोड नाही." मास्तर मंडळी माझ्याकडे न बघता मिशीत हसली. मी मान खाली घातली आणि मनात फुगले.

यादीबरहुकूम झोपड्यांच्या चिठ्ठ्या आल्या, त्या मीच घरोघर वाटल्या. शेवटची चिठ्ठी दिली, हात रिकामा झाला, खोलीवर येऊन शेगडी पेटवायला बसले, आणि शेगडीकडे बघताना लक्षात आलं की ही चूल कुठेच लिहिलेली नाही. दहा जण नदी ओलांडतात आणि मोजणारा स्वतःलाच मोजायचं विसरतो, ही गोष्ट मी दरवर्षी दुसरीतल्या मुलींना सांगत असे. मुली हसून हसून बाकावर लोळायच्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आता साधी गोष्ट होती. उठायचं, ऑफिसात जायचं आणि म्हणायचं, साहेब, माझी ओळ राहिली. पण कालच जिची यादी नमुना म्हणून दाखवली तिनं आज जाऊन सांगायचं की मी मलाच विसरले? हात दाखवून अवलक्षण कोणी सांगितलंय? मास्तरांच्या मिशा माझ्या डोळ्यांपुढे आल्या.

आणि दुसरं एक कारण होतं, ते मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं. मला वाटत होतं, कोणीतरी म्हणेल, "बाई, तुमी आमच्यात चला." तीन दिवस घरोघर पाट मिळाला होता. एवढ्या झोपड्या मी माझ्या हातानं वाटल्या होत्या, त्यातल्या एकीत एका बाईचं अंथरूण मावलं असतं. शुक्रवारी सकाळी गल्ली रिकामी करून कौलं उतरवणार होते, औषध मारणार होते. तोवर मला कुठेतरी जायला हवं होतं, आणि मला ओळ नको होती, मला बोलावणं हवं होतं.

भावाला कार्ड टाकलं होतं, त्याचं उत्तर आलं. सोलापूरहून येणाऱ्याला इथे वेशीवरच अडवतात, मुलं लहान आहेत, तुझी तिथं सरकारी सोय असेलच, जपून राहावं. खाली वहिनीचा नमस्कार. कार्डाची पुढची अर्धी बाजू कोरी होती.

बुधवारी दुपारी घरमालकीण माझ्या दाराशी आली. तिच्या घरात कानडी बोलायचे, माझ्याशी ती मराठी बोलायची. हातात फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी होती. ते पाहूनच मी ओळखलं. बरोबर न्यायचं असतं तर शिदोरी वेगळी कशाला बांधली असती?

"बाई, मनाला लावून घिऊ नका बगा," ती म्हणाली. "आमी अकरा मान्सं. झोपडीत आडपडदा न्हाय. नवी सून हाय, पैलंच वरीस. सकाळी उटल्या उटल्या..." तिची नजर माझ्या कपाळावर गेली. "तुमाला कळतंय की."

मला कळत होतं. सहा वर्षं तिच्याकडच्या हळदीकुंकवाचा दिवस मी खिडकी लावून घेऊन काढला होता. तेव्हा मधे भिंत होती. माळावर भिंत नव्हती, आणि नव्या सुनेला उठल्याबरोबर माझं पांढरं कपाळ दिसलं असतं. "अहो, माझी सोय झाली आहे," मी म्हटलं. तिला फार हलकं वाटलं. वाईट बाई नव्हती ती. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं तिनं.

त्या दिवशी गल्ली उठली. गाड्यांवर पेट्या, पाळणे, देव्हारे, कोंबड्या, कढया. मागांवर अर्धी विणलेली लुगडी तशीच राहिली. जमिनीत खड्डा करून बसवलेला माग कोण उचलून नेणार? प्रत्येक गाडी खिडकीखालून गेली की मी जरा पुढे वाकायची. एका बाईनं हात केला. मी हात केला. गाडी थांबली नाही.

गुरुवारी गल्लीत कोणी नव्हतं. गिरणीचा भोंगा नेहमीच्या वेळी झाला, पण त्यानंतर पावलं वाजली नाहीत, नळावर भांडणं झाली नाहीत. मी ट्रंक भरून तिच्यावर बसले होते. शुक्रवारी शिपाई येतील आणि मला ट्रंकेवर बसलेली पाहतील, याची लाज वाटत होती, आणि तरी पाय उचलत नव्हता. आयुष्यात तेवढं एकटं मला कधी वाटलं नाही. नवरा गेला तेव्हा मी लहान होते, वडील गेले तेव्हा रडायला भाऊ होता. इथे तर कोणी गेलंही नव्हतं. सगळे जिवंत होते, दोन मैलांवर माळावर होते, आणि त्यांतल्या एकालाही माझी आठवण नव्हती.

दुपार टळत आली तेव्हा बारीक आवाज आला. घर्र, थांबून पुन्हा घर्र. मी उठून आवाजाच्या मागे गेले. गल्लीच्या टोकाला अव्वाचं दार उघडं होतं आणि ती रहाटावर कांड्या भरत बसली होती. चूल पेटलेली होती.

"अव्वा, तुम्ही गेला नाहीत?"

"तुमी तरी कुटं गेल्या?" तिनं मान वर केली नाही. "पुतन्या आलता बलवायला. दोनदा आला. त्याची बायकू आली. गाडीत जागा धरलीती. मी न्हाय गेले."

मला त्या म्हातारीचा हेवा वाटला. दोनदा! मला एकदा कोणी बोलावलं असतं तर मी अनवाणी धावत गेले असते, हस्तपत्रकात काही लिहिलेलं असो. हेव्यापाठोपाठ राग आला. "अहो, बोलावणारं माणूस आहे तर जायचं की! उद्या इथे औषध मारणार आहेत. गाठ आली तर मराल इथं."

तिनं रहाट थांबवला.

"बाई, तुमी मला त्येच्या चुलीत लिवलं. व्हय का न्हाय?"

"हो. तुमची काळजी घ्यायला कोणीतरी..."

"माजे मालक गेले तवा बी पुतन्याच्या घरचे असंच म्हनले. अव्वा, आमच्यातच जेव. जेवले की. चार वर्सं जेवले. पाटेपासनं त्यांच्या मागाच्या कांड्या भरायच्या आन दोन भाकरी खायाच्या. लुगडं वर्साला येक, ते बी नेसलेलं. मग देवळात पंचापुडं गेले. समद्या गल्लीपुडं उबी ऱ्हायले. म्हनलं, माजी चूल येगळी करा, मालकाची खोली मला द्या. बायका थुंकल्या माज्यावर. पन पंचांनी चूल मांडून दिली. अकरा वर्सं झाली बाई. येक दीस थंड पडू दिली न्हाय."

तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "आता पुतन्या म्हनतो, म्युनशिपालटीच्या कागदावर अव्वा आमच्यातच हाय. कुलपाची किल्ली माज्याच हातात येनार. प्लेग सरला की हितं तिसरा माग टाकतो. आता पंच म्हातारे झाले. दोगं मेले. कागद मरतो व्हय?"

मी उंबऱ्यावर बसले. माझ्या सुरेख, बिनखाडाखोडीच्या यादीतली ती ओळ मला जशीच्या तशी दिसत होती. पंचांपुढे उभं राहून या बाईनं जे मिळवलं, ते मी दारात उभ्या उभ्या एका टाकाच्या फटकाऱ्यानं घालवलं होतं. वर स्वतःला दयाळू समजत होते. आता ती प्लेगच्या घरात बसून मरायला तयार होती, पण माझ्या ओळीत यायला तयार नव्हती.

"तुमी का ऱ्हायल्या?" तिनं विचारलं.

"माझी चूल लिहायला मी विसरले."

ती हसेल असं वाटलं. हसली नाही. मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाली, "मग उटा. दोगींची लिवून आना. ऑफिस बंद हुईल."

ऑफिसकडे जाताना माझ्या पायांत भलतंच बळ आलं होतं, आणि त्याचं कारण निव्वळ पश्चात्ताप नव्हता. वाटेत मी एक चित्र रंगवत होते. ती एकटी, मी एकटी. दोघी एका झोपडीत राहू. ती कांड्या भरेल, मी वाचून दाखवीन. जात वेगळी, भाषा वेगळी, लोक बोलतील, बोलेनात का. संध्याकाळी कोणीतरी विचारील, जेवलात का. एवढं चित्र रंगवून होईतो ऑफिस आलं.

इन्स्पेक्टर टेबलाशी होते, बाकावर दोन मास्तर होते. मी म्हटलं, यादीत दोन चुका आहेत. त्यांनी यादी काढली. मी ओळीवर बोट ठेवलं.

"हिची चूल वेगळी होती?"

"होती."

"पेटती होती?"

"होती."

"मग जोडलीत का?"

"मला वाटलं, म्हातारी बाई आहे, एकटी..."

"बाई, मी वाटायला सांगितलं नव्हतं. मोजायला सांगितलं होतं." ते रागावून बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "दुसरी चूक?"

"माझी ओळ राहिली आहे."

बाकावरून फस्सकन हसू आलं. इन्स्पेक्टर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि विचारलं, "चार दिवस तुम्ही कुठे होता मग?"

बांबू संपत आले होते. पुढची गाडी यायला आठवडा लागणार होता. एका झोपडीपुरतं सामान शिल्लक होतं. "दोघी एकीत राहाल?" त्यांनी विचारलं. मी इतक्या चटकन हो म्हटलं की मास्तरांनीही वर पाहिलं. इन्स्पेक्टरांनी टाक दौतीत बुडवला. "मग सोपं झालं. दोघींची एकच ओळ करतो. चूल एक, माणसं दोन."

चूल एक, माणसं दोन. माझं नाव कोणाच्यातरी शेजारी लिहिलं जाणार होतं. बाराव्या वर्षानंतर तसं कधी झालं नव्हतं. मी तोंड उघडलं ते हो म्हणायलाच. म्हातारीला काय फरक पडतो, पुतण्याच्या ओळीतून निघाली ना, आणि मी काही तिच्या खोलीत माग टाकणार नाही. हे सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. आणि लगेच दिसलं की मी पुन्हा तेच करते आहे. पुन्हा तिला न विचारता जोडते आहे, आणि या वेळी तर काळजीचं निमित्तही नाही.

"नाही," मी म्हटलं. "झोपडी एक असू दे. चुली दोन आहेत. ओळी दोन लिहा."

त्यांनी यादी माझ्यापुढे सरकवली. पुतण्याच्या ओळीतला आकडा मी खोडला, समासात दोन नव्या ओळी बारीक अक्षरात बसवल्या, त्यांना बाण काढले. पान घाण झालं. मी त्यांना धन्यवाद दिले आणि निघाले. रस्ताभर मला रडू येत होतं, कशाचं ते धड सांगता येत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी अव्वानं आपल्या हातानं कुलूप घातलं आणि चौकीवर आपल्या नावाची किल्ली दिली. पुढचं आताच सांगून टाकते. फाल्गुनात साथ ओसरली तेव्हा ती किल्ली तिच्याच हातात परत आली. पुतण्यानं चौकीवर वाद घातला, शिपायानं यादी दाखवली, वाद मिटला. मी सोलापूर सोडेपर्यंत त्या खोलीत रहाट चालू होता आणि तिसरा माग काही आला नाही. आम्ही दोघी मैत्रिणी झालो असं मात्र कोणी समजू नये. रस्त्यात भेटली की मान हलवायची, बस.

माळावर शिपायांनी झोपडी उभी करायला घेतली. अव्वा कमरेवर हात ठेवून उभी होती. "मदी तट्टा लावा," तिनं सांगितलं.

"कशाला?" मी म्हटलं. "आपण दोघीच तर आहोत."

"समूर पुतन्याची झोपडी हाय. हितं येक चूल दिसली की उद्या म्हनंल, बगा, म्हातारी येकली ऱ्हात न्हाय. आदी आमच्यात जेवली, आता बाईच्यात जेवती." शिपायाला ती म्हणाली, "पार वरपातुर लाव रं. फट नको."

तट्टा लागला. दारं दोन झाली, दोन दारांवर चुन्यानं दोन आकडे पडले. संध्याकाळी मी पिठलं केलं आणि वाटी घेऊन तिच्या दाराशी गेले. "नको बाई," ती म्हणाली. "तुमच्या चुलीचं न्हाय खात. राग नका मानू." तिच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. तिला खरंच नको होतं. पिठलं, सोबत, मी, कशाचीच तिला गरज नव्हती. तिला तिची चूल हवी होती आणि ती मिळाली होती. मी माझ्या बाजूला बसून घरमालकिणीची कडक भाकरी पिठल्यात भिजवून खाल्ली. तट्ट्यापलीकडे तिची भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच हजेरी झाली. रोज सकाळी इन्स्पेक्टर रांगेरांगेनं फिरायचे, प्रत्येक चुलीच्या कर्त्या माणसानं दारात उभं राहून चूल, माणसं आणि खुशाली मोठ्यानं सांगायची, म्हणजे आजार लपत नाही. थंडी मी म्हणत होती. झोपड्यांवरून धूर चालला होता. पलीकडून आवाज येत होते, "चूल येक, मान्सं सात, समदी खुशाल." "चूल येक, मान्सं अकरा, खुशाल." ते अकरा आमच्या घरमालकांचे. आकड्यामागे पोरांची रडारड, सुनांच्या बांगड्या, कोणाचा खोकला.

आमच्या झोपडीशी आले तेव्हा अव्वा पदर खोचून दारात उभीच होती. समोरच्या झोपडीला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "चूल येक! मानूस येक! खुशाल!" लग्नाच्या वऱ्हाडात नाव पुकारावं इतक्या तोऱ्यात. इन्स्पेक्टरांनी खूण केली आणि दोन पावलं सरकून ते माझ्या दारापुढे आले.

सहा वर्षं मी रोज सकाळी दुसऱ्यांची हजेरी घेत आले होते. माझी कोणी घेतली नव्हती.

"चूल एक," मी म्हटलं. मग तट्ट्याकडे पाहिलं. "माणूस एक."

त्यांची पेन्सिल पुढच्या शब्दासाठी थांबून राहिली. त्यांनी वर पाहिलं. "खुशाल?" त्यांनी विचारलं.

"लिहा," मी म्हटलं.